दोन दहा ते दोन बावीस

पिनताईला खोटं बोलायला शिकवलं ते तिच्या वडिलांनी, आणि तेही तोंडानं नव्हे, गुडघ्यानं.

अप्पांचं दुकान पुलाच्या पायथ्याशी होतं. रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरलं की एक लांबट खोली, भिंतीला लागून फळीचं टेबल आणि त्यावर पोट उघडून ठेवलेले रेकॉर्ड चेंजर. ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांना सांगायचं तर तबकडीच्या मधोमध एक उंच दांडा असायचा. त्यावर आठ-दहा रेकॉर्डी एकावर एक अडकवून ठेवायच्या. एक वाजून संपली की सुईचा हात आपण होऊन उठायचा, बाजूला व्हायचा, थप्पीतली सगळ्यात खालची रेकॉर्ड धप्पकन तबकडीवर पडायची आणि हात पुन्हा येऊन तिच्या कडेवर अलगद टेकायचा. माणसानं बोटसुद्धा लावायचं नाही. कुणाकडे नवा चेंजर आला की शेजारीपाजारी गाणं ऐकायला कमी आणि तो हात फिरताना बघायला जास्त जमायचे. बिघडला की मात्र तोच हात डोक्यात जायचा. गाणं अर्ध्यावर टाकून उठायचा, नाहीतर दोन रेकॉर्डी एकदम पाडायचा, नाहीतर रिकाम्या तबकडीवर जाऊन सुई घासत बसायचा. मग लोक तो चादरीत गुंडाळून अप्पांकडे आणायचे.

अप्पांचे कान चाळिशीतच गेले. आधी डावा, मग वर्षभरात उजवा. आवाजाचं यंत्र दुरुस्त करणारा माणूसच बहिरा आहे हे कळलं असतं, तर त्या तीन पायऱ्या कुणी उतरलं नसतं. तेव्हा पिनताई अकरा वर्षांची होती. आई नव्हती. शाळा सुटली की ती टेबलाच्या टोकाला वही उघडून बसायची. अप्पांचा तळहात फळीवर आणि तिचा गुडघा फळीच्या खाली. एक ठोका म्हणजे ठीक, दोन म्हणजे गती कमी, तीन म्हणजे घरघर. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते अप्पा ओठांवरून ओळखायचे आणि ओठ कळले नाहीत तर "बघतो, बघतो" म्हणून वेळ मारून न्यायचे.

तिचे कान मात्र असे तयार झाले की ग्रामोफोनची पिन जमिनीवर पडली तर ती न बघता सांगायची, कपाटाखाली गेली की पायरीजवळ. पिनताई हे नाव तिथूनच पडलं.

एकदा एक खाणावळवाला त्याचा चेंजर घेऊन आला. यंत्र टेबलावर ठेवलं आणि अप्पांकडे पाठ करून, भिंतीवरच्या सुट्या भागांकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत नाही असं ऐकलं मी."

अप्पांना त्याची पाठ दिसत होती, ओठ नव्हते. ते शांतपणे स्क्रू काढत राहिले. ह्या वाक्यासाठी त्यांनी कुठलाच ठोका ठरवला नव्हता. तिनं कंपासपेटी टेबलावरून ढकलली. ती अप्पांच्या पायावर पडली तसं त्यांनी वर पाहिलं.

"अप्पा, काका विचारतायत, तुम्हाला ऐकू येत नाही का," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून.

"लोकांना काय," अप्पा हसले. "माझा दर परवडला नाही की माझे कान जातात."

खाणावळवाल्यानं रेकॉर्ड लावली. "मग सांगा, कसा वाजतोय?"

गाणं ओढत चाललं होतं. पिनताईनं दोन ठोके दिले. अप्पांनी डोळे मिटून मान डोलावली. "दमलाय बिचारा. आतलं रबरी चाक कडक झालंय."

माणूस गेल्यावर पिनताईनं पडलेली कंपासपेटी उचलली. अप्पांनी तिच्यासमोर बसून सांगितलं, "हे कुणाला सांगायचं नाही. मी गेल्यावरसुद्धा नाही." तिनं मान हलवली. वीस वर्षं तिनं त्याबद्दल ब्र काढला नाही.

सव्विसाव्या वर्षी तिला रेडिओ स्टेशनवर नोकरी लागली. खासगी, लहानसं स्टेशन, चढावरच्या भागात, दोन मजली इमारतीत. मालकानं परदेशातून एक यंत्र मागवलं होतं आणि ते चालवायला त्याला कुणी मिळत नव्हतं. आलेल्या दोन इंजिनिअरांनी आतल्या तारा बघून घाम पुसला होता. पिनताईनं झाकण उघडलं आणि तिला वाटलं, हा तर आपला चेंजरच, फक्त खोलीएवढा. चार मोठी टेपयंत्रं, त्यांच्यावर गाणी. प्रत्येक गाण्याच्या शेवटी माणसाला ऐकू न येणारा एक खोल सूर भरलेला, तो आला की पुढचं यंत्र सुरू. जाहिरातींसाठी दोन गोल चक्रं, प्रत्येकात टेपेचे चोवीस डबे. चक्र फिरायचं, हवा तो डबा पुढे यायचा, वाजायचा. वर घड्याळ. बारा सेकंद आवाज आला नाही तर यंत्र स्वतःच घाबरून पुढचं गाणं लावायचं. अप्पांच्या टेबलावर शिकलेलं सगळं तिथं जसंच्या तसं लागू पडत होतं.

स्टेशनवर चार निवेदक होते. त्यांतले सर्वात जुने ते घड्याळकाका. त्यांनी वेळ सांगितली की लोक मनगटावरचं घड्याळ लावायचे, म्हणून हे नाव. पंचावन्नचे होते, घर स्टेशनच्या मागच्याच गल्लीत. पिनताईला त्यांनी पहिल्या दिवसापासून लेकीसारखं वागवलं. दुपारचा चहा दोघं एकत्र प्यायचे.

एक दिवस मालकानं तिला बोलावून सांगितलं, "काकांच्या आवाजात सगळी मिनिटं भरून घे. बारा तासांची सातशे वीस. समसंख्या एका टेपवर, विषम दुसऱ्या. यंत्र वेळ सांगेल."

"आणि काका?" तिनं विचारलं.

मालकानं खिडकीबाहेर बघितलं. "हे आत्ताच बाहेर जाऊ देऊ नकोस."

तिला कळायचं ते कळलं. ती खाली आली. काका माइकसमोर बसले होते, गळ्याला मफलर, पुढे कोमट पाणी. तीन दिवस ते मिनिटं सांगत राहिले. "एक वाजून चार मिनिटं. ऐकत राहा." "एक वाजून सहा मिनिटं. ऐकत राहा." मधेच थांबून विचारायचे, "हे एवढं कशाला लागतंय गं?" आणि काचेपलीकडून ती म्हणायची, "आजारीबिजारी पडलात तर असावं म्हणून." तोंडानं ती तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलली. काकांनी विश्वास ठेवला आणि प्रत्येक मिनिट हसऱ्या आवाजात सांगितलं.

दीड महिन्यानं चारही निवेदकांना घरी पाठवलं. काका जाताना तिच्या खोलीच्या दारात आले. "तुला माहीत होतं," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. "माझा आवाज डब्यात भरलास आणि मला बाहेर ठेवलंस." एवढं म्हणून गेले. त्यानंतर दीड वर्ष गल्लीत समोरासमोर आले तरी ते तिच्याकडे बघत नसत. घरी त्यांच्या बायकोनं रेडिओ विकून टाकला, असं कुणीतरी सांगितलं.

त्याच सुमारास मालकाला जाहिराती वाढल्या म्हणून तिसरं चक्र हवं झालं. आवाज एकत्र करायच्या पेटीत जागा मोजक्याच. शेवटची जागा माइकची होती. "आता बोलणार कोण आहे?" मालक म्हणाला. पिनताईनं माइकची तार काढली, तिचं पुढचं टोक कापून चक्राला जोडलं, माइक फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. कपाटाला मालकानं कुलूप लावलं. निवेदकांच्या खोलीत टेपांची खोकी रचली गेली.

दीड वर्षानंतरचा एक रविवार होता. दुपारी इमारतीत पिनताई एकटी. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"अग्निशमन दल. तुमचं प्रसारण चालू आहे ना?" माणूस धापा टाकत होता. "पुलावर टँकर उलटलाय. पाण्यात घालायचा क्लोरीन होता. टाकी फुटलीय. वायू जड असतो, खाली उतरतोय, वारा नदीकाठच्या वस्तीकडे आहे. लोकांना सांगा, खालच्या वस्तीतल्यांनी चढावर निघायचं, नाकावर ओलं फडकं धरायचं, पुलाकडे कुणी यायचं नाही. आमच्याकडे एकच भोंगा आहे हो. लगेच सांगा."

"सांगते," कागदावर लिहून घेत ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की सांगायला तिच्याकडे काहीच नाही. भिंतीवरच्या कर्ण्यातून एक प्रेमगीत चाललं होतं. यंत्रात दीड हजार गाणी होती, बहात्तर जाहिराती होत्या, दिवसाचं प्रत्येक मिनिट होतं. आत्ता तोंडानं बोललेलं एक वाक्य बाहेर जायला मात्र वाट नव्हती, आणि ती वाट तिनंच आपल्या हातानं बुजवली होती.

मग तिला अप्पा आठवले. पूल, तीन पायऱ्या, खाली उतरणारा वायू. रविवारीसुद्धा दुकान उघडं. आणि भोंगा वाजला काय, माणसं ओरडली काय, अप्पांना कळणार नव्हतं. धावत गेलं तर पंधरा मिनिटं. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर उभी राहिली, किती वेळ ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मग परत फिरली आणि मालकाला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसरा फोन तिनं मागच्या गल्लीत केला.

"मी बोलतेय. स्टेशनवरून."

"ओळखलं," घड्याळकाका म्हणाले.

तिनं चार वाक्यांत सांगितलं. "काका, माझ्या आवाजावर कोण विश्वास ठेवेल? तुमचा सगळे ओळखतात. तुम्ही या."

"माझा आवाज आहे की तुझ्याकडे. त्यालाच सांग."

"त्याला हे बोलता येत नाही."

फोन बंद झाला. ते येणार की नाही हे तिला कळलं नाही, आणि वाट बघायला सवड नव्हती.

तिनं मोठा स्क्रूड्रायव्हर कपाटाच्या फटीत घातला आणि सगळं अंग टाकलं. दुसऱ्या झटक्याला फळी फाटली. माइक निघाला, पण तारेचं टोक तिनंच कापलेलं, दोन उघड्या तारा लोंबत होत्या. तारांच्या जोडाला डाग द्यायची विजेची इस्त्री तिनं प्लगमध्ये लावली. ती तापायला दहा मिनिटं लागायची. घड्याळात दोन पंधरा झाले आणि कर्ण्यातून काकांचा हसरा आवाज आला, "दोन वाजून पंधरा मिनिटं. ऐकत राहा." त्यापाठोपाठ साबणाची जाहिरात.

तिला वाटलं, आत्ता खाली कुणीतरी ही जाहिरात ऐकत भांडी घासत असेल.

तिसऱ्या चक्राची मागची पट्टी तिनं उघडली. मुख्य बटण बंद करता येत नव्हतं, कारण त्याच विजेवर पेटी होती आणि पेटी बंद झाली तर बाहेर जाणारी सगळी लाइनच मुकी झाली असती. म्हणजे यंत्राचा एकेक अवयव हातानं थांबवायला हवा होता. चार टेपयंत्रांचे प्लग तिनं उपटले, नाहीतर बारा सेकंदांच्या शांततेनंतर त्यांतलं एखादं गायला लागलं असतं. दोन चक्रांचे पट्टे काढले. गाणं अर्ध्यावर तुटलं. तिसऱ्या चक्राकडून पेटीकडे जाणारी तार तिनं कापली आणि दातांनी सोलली. जीभ कापली, तोंडात खारट चव आली.

जिन्यावर चपला वाजल्या. घड्याळकाका दारात उभे होते, झोपेतून उठलेले, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. त्यांनी खोकी बघितली, फाटलेलं कपाट बघितलं, तिच्या हातातला माइक बघितला.

"माझी खुर्ची कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही आता."

"आणि माइक असा कुणी केला?"

"मीच," ती म्हणाली. "काका, नंतर काय हवं ते बोला. आत्ता हे वाचा." कागद तिनं त्यांच्यापुढे धरला.

ते खोक्यावर बसले. इस्त्री अजून तापली नव्हती. पिनताईनं माइकच्या दोन तारा चक्राच्या दोन तारांना बोटांनी पिळल्या आणि दोन्ही जोड दोन चिमटींत घट्ट धरून यंत्रामागे गुडघ्यांवर बसली. बोट सैल पडलं की खरखर व्हायची, म्हणून तिनं श्वाससुद्धा आवरून धरला.

"बोला."

दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

काकांनी घसा खाकरला नाही, नमस्कार केला नाही. "मी घड्याळकाका बोलतोय," ते म्हणाले. "हे टेपवरचं नाही. मी आत्ता इथं बसून बोलतोय. पुलावर विषारी वायूचा टँकर फुटला आहे. नदीकाठच्या वस्तीत असाल तर हातातलं काम टाका आणि चढावर निघा. आत्ता निघा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा. पुलाकडे जाऊ नका." पुन्हा तेच, थोडं सावकाश. मग तिसऱ्यांदा.

फोन वाजला. काकांनी आवाजाची कळ खाली केली आणि फोन घेतला. अग्निशमन दलाचा माणूस म्हणत होता, वस्तीतली माणसं बाहेर पडायला लागलीत, पण नदीच्या कडेकडेनं पळतायत, त्यांना सांगा की शाळेच्या रस्त्यानं वर चढा. काका कागदावर लिहीत होते. त्या आठ-दहा सेकंदांत पिनताई म्हणाली, "काका, अप्पांना ऐकू येत नाही."

"कुठले अप्पा?"

"माझे वडील. पुलाखाली दुकान आहे. वीस वर्षं झाली, काही ऐकू येत नाही. कुणाला माहीत नाही." "मला हे सोडून जाता येत नाही. तुम्ही सांगा. चेंजरवाले म्हणा. बहिरे आहेत असं स्पष्ट सांगा, नाहीतर लोक दारातून हाक मारून पुढे जातील."

काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं. कळ वर केली. शाळेच्या रस्त्याचं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "पुलाच्या पायथ्याशी चेंजरवाल्यांचं दुकान आहे. आत म्हातारे गृहस्थ आहेत. ते पूर्ण बहिरे आहेत. हाक मारू नका, हाताला धरून बाहेर काढा. जो कुणी शेजारी असेल त्यानं."

पिनताईनं डोळे मिटले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. इस्त्री आता तापून धूर सोडत होती, पण डाग द्यायला दोन मिनिटं प्रसारण थांबवावं लागलं असतं आणि तेवढी दोन मिनिटं तिच्याकडे नव्हती.

अडीच वाजले. काका सांगत होते, "घाबरून लहान मुलांना खाली वाकवू नका, कडेवर घ्या, वायू जमिनीलगत..." आणि त्यांच्याच वाक्यावर, त्यांच्याच आवाजात, दीड वर्षापूर्वीचा आनंद घेऊन कर्णा बोलला, "दोन वाजून तीस मिनिटं. ऐकत राहा."

वेळेची टेप घड्याळाच्या हुकमानं चालायची, आणि पिनताई सगळं थांबवताना तीच विसरली होती. लगेच फोन वाजला. कुणी बाई विचारत होती, "अहो, खरं कुठलं? हे टेपच लावलंय ना तुम्ही? निघायचं की नाही?"

"खरंच आहे, निघा," काका फोनमध्ये म्हणाले आणि ठेवला.

"काका, मला हात सोडता येत नाहीत. वरच्या खणात दोन डबे आहेत. डावीकडचा सम, उजवीकडचा विषम. ओढून काढा."

काका उठले. खण उघडला. दोन्ही डब्यांवर तिच्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलेलं होतं. त्यांनी एक ओढला, तो अडकला, त्यांनी पाय भिंतीला लावून जोर केला आणि टेपेची तपकिरी फीत बाहेर आली. मग दुसरा. दोन्ही जमिनीवर टाकून ते परत खोक्यावर बसले. "मघाशी मधे जो आवाज आला ते यंत्र होतं," त्यांनी माइकमध्ये सांगितलं. "आता फक्त मी आहे."

अप्पांचं काय झालं ते पिनताईला तीन वाजता कळलं. शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाईनं शाळेतून फोन केला. "आहेत, इथंच आहेत. भांडतायत माझ्याशी." घडलं होतं असं. शिंपीणबाई मशीनवर बसून रेडिओ ऐकत होती. ऐकताच ओलं फडकं तोंडाला बांधून ती अप्पांच्या दुकानात शिरली. पायऱ्यांवर पिवळट धुकं आलं होतं. अप्पा दाराकडे पाठ करून चेंजरच्या पोटात डोकं घालून बसलेले. दंड धरला तर ते झिडकारायला लागले, हातात बारीक स्प्रिंग होती, सुटली असती. शेवटी तिनं मेन स्विच बंद केला. अंधार झाला तसे ते वळले, आणि तोंडाला फडकं बांधलेली बाई बघून उठले. घशाला जळजळ झाली, चार दिवस खोकले, त्यापलीकडे काही नाही.

सगळ्यांचं तसं झालं नाही. टँकरचा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार जागेवरच गेले होते. बेचाळीस माणसं इस्पितळात होती. आणि नदीकाठचा एक लाँड्रीवाला आपल्या दुकानाच्या दारात पडलेला सापडला.

अप्पा पिनताईशी महिनाभर बोलले नाहीत. "साऱ्या गावाला सांगितलंस," एवढंच एकदा म्हणाले. दुकान बंद करतो म्हणाले. पण गिऱ्हाईकं येत राहिली, फक्त आता चिठ्ठ्या लिहून आणायला लागली, आणि अप्पांना त्या चिठ्ठ्यांचा भयंकर राग यायचा. एक दिवस तो खाणावळवाला आला. त्यानं लिहिलं, "मला तेव्हाच कळलं होतं. पोरीचा गुडघा दिसत होता." अप्पांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्याच्या चेंजरचे पैसे घेतले नाहीत.

चौकशी झाली. मालकाचा वकील आदल्या दिवशी पिनताईला भेटला. फोन नेमका किती वाजता आला हे एवढ्या गडबडीत कुणाला आठवणार, तो म्हणाला, अगदी गोड बोलून. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं विचारलं, "फोन कधी आला?"

"दोन दहा."

"पहिली सूचना?"

"दोन बावीस."

"बारा मिनिटं का लागली?"

"माइक काढून टाकलेला होता. मालकांनी सांगितलं आणि मी काढला. नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही."

वकिलानं पेन खाली ठेवलं. स्टेशनला दंड झाला, माइक कायम जोडलेला हवा आणि प्रसारण चालू असेपर्यंत बोलणारं माणूस तिथं हवं, असा आदेश निघाला. पिनताईला मालकानं काढलं नाही. काढायची इच्छा पुष्कळ होती, पण यंत्र चालवायला दुसरं कुणी नव्हतं.

आदेशानंतर आठवड्यानं लाँड्रीवाल्याचा भाऊ स्टेशनवर आला. पेपरात वाचून आला होता. खाली बसला नाही. "तो दोन वाजून पंधरा-सोळापर्यंत ठीक होता," म्हणाला. "समोरच्यानं बघितलंय. रेडिओ चालू होता त्याचा. कायम असायचा. तुम्ही दहालाच सांगितलं असतं तर?"

पिनताईला म्हणता आलं असतं की नक्की काय झालं असतं कुणास ठाऊक. तसं अधिकाऱ्यांनीही लिहिलं होतं. ती म्हणाली, "तर त्यानं ऐकलं असतं."

मग तो जिना उतरून गेला. काका त्या वेळी आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण ते बाहेर आले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवला आणि पुन्हा माइकपाशी जाऊन बसले.

काकांना सकाळची पाळी परत मिळाली होती. दोघांचं पूर्वीसारखं जमलं, असं म्हणता येणार नाही. चहा एकत्र व्हायचा, बोलणं कामापुरतं. मिनिटांच्या टेपा पुन्हा भरायच्या झाल्या तेव्हा काका म्हणाले, "मी देणार नाही." मालकानं गळ घातली, त्यांनी भीक घातली नाही. मग त्या पिनताईनं स्वतःच्या आवाजात भरल्या. काका समोर बसून चुका काढायचे. "मिंटं नाही. मिनिटं. आणि हसू नकोस. वेळ सांगतेस, हसायचं कशाला?"

ते यंत्र पुढे अकरा वर्षं चाललं. मग संगणक आले, ते भंगारात गेलं, आणि पिनताई तांत्रिक विभागाची प्रमुख झाली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती सगळं चालू कसं करायचं ते दाखवायची नाही. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "हे बंद कर आणि माइकवर ये. तीस सेकंद." कुणाला चाळीस लागायचे, कुणाला मिनिट. एका मुलीला चार दिवस लागले, चौथ्या दिवशी ती रडली आणि म्हणाली, एवढं कशासाठी, वर्षानुवर्षं कुणाला गरज लागत नाही. पिनताईनं तिला रडू दिलं. नंतर रुमाल दिला, घड्याळाला चावी दिली आणि म्हणाली, "चल, पुन्हा."